गुरे, गवत आणि पाऊस

पाऊस ओढ देऊ लागला की त्याचा दोष कोणाला तरी द्यावा लागतो. सातपुड्यात तो पुष्कळदा गुरांच्या माथी मारला जातो. गुरांनी डोंगर बोडके केले, म्हणून पाऊस रुसला, असे म्हणतात. यात तथ्य किती, हे तपासणे नंदुरबारकरांना अगत्याचे आहे. कारण अक्राणी-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर गुरेढोरे हेच अनेक घरांचे भांडवल आहे.

आपला पाऊस मोसमी वारे समुद्रावरून आणतात. सातपुड्यातील सारी गुरे विकली तरी ते वारे अधिक येणार नाहीत, आणि गुरे दुप्पट केली तरी ते परत फिरणार नाहीत. गुरांची सत्ता चालते ती मुख्यतः पाऊस जमिनीवर पडल्यानंतर.

गवताच्या मुळांमुळे माती भुसभुशीत राहते व पाणी मुरते. तेच पाणी गवत पुढे पानांवाटे हवेत सोडते. एक लिटर पाण्याची वाफ होताना जेवढी उष्णता शोषली जाते, तेवढीवर साधे सात लिटर पाणी उकळीला येईल! म्हणून हिरव्या कुरणावरची हवा थंड व ओलसर असते. उलट, एकाच जागी अतोनात चराई झाली तर गवत खुंटते, खुरांखाली माती दबते आणि पाणी न मुरता नाल्यांवाटे तापी-नर्मदेकडे धावते. मग उन्हाची उष्णता जमीन व हवा तापवण्यातच खर्च होते.

सहाराच्या दक्षिणेकडील साहेल प्रदेशाविषयी अमेरिकन शास्त्रज्ञ ज्यूल चार्नी यांनी १९७५ साली असे मांडले, की चराईने उघडी पडलेली फिकट जमीन ऊन परतवते, त्यामुळे वरची हवा निवून खाली बसते आणि पाऊस घटतो. पुढील संशोधनात मात्र तेथील अवर्षणाचे मुख्य कारण समुद्राच्या तापमानातील फेरबदल हे ठरले. जमिनीची अवस्था त्यात भर घालते. आपली काळी जमीन तर वाळूसारखी ऊन परतवीत नाही. येथे प्रश्न आहे तो ओलाव्याचा.

रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातून मिथेन वायू निघतो व तो पृथ्वीची उष्णता अडवतो, हेही खरे. परंतु तो साऱ्या जगाच्या हवेत मिसळतो. त्याचा हिशेब एका जिल्ह्यापुरता मांडता येत नाही.

ओलावा राखण्याचा धडा शेजारीच आहे. ज्या धुळे जिल्ह्यातून १९९८ साली नंदुरबार वेगळे झाले, त्याच्या साक्री तालुक्यातील बारीपाडा गावाने १९९० नंतरच्या दशकात चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने कुऱ्हाडबंदी व चराईबंदी स्वतःवर घालून घेतली. ४०० हेक्टरांहून अधिक रान राखले गेले आणि विहिरींना पाणी आले. २०२५ साली पवार यांना पद्मश्री जाहीर झाली. बारीपाड्याने आभाळातून जादा पाऊस ओढला नाही. पडलेला पाऊस मुरवला.

मात्र ही बंदी गावाने आपखुशीने घातली होती, हे विसरून चालणार नाही. तीच वरून हुकमाने आली, तर तिची पहिली झळ ज्याच्यापाशी जमीन नाही, दोन शेळ्याच आहेत, त्याला लागेल. म्हणून रानाला आळीपाळीने विसावा द्यावा, राखलेले गवत कापून गोठ्यात आणावे, आणि त्या गवतात भूमिहीनाचा वाटा आधी ठरवावा, असे आम्हांला वाटते.