चेट्टीनाडची लग्नघरं

कानडुकाथानमधल्या एखाद्या मोठ्या घराची पुढची-मागची दारं एकाच वेळी उघडी असली, तर अलीकडच्या रस्त्यावर उभं राहून पलीकडचा रस्ता दिसतो. मधे ओटा, बैठकीचं दालन, मोठा चौक, दुसरा चौक, जेवणाची जागा, स्वयंपाकघर, परसू असं सगळं येतं, आणि प्रत्येकाचं दार एकाच सरळ रेषेत. घर एका रस्त्यावर सुरू होतं आणि दुसऱ्या रस्त्यावर संपतं. शेजारी तसंच दुसरं, त्याच्या शेजारी तिसरं. बाहेर वाहन नाही, दुकान नाही, बहुतेक दारांना कुलपं. एवढ्याशा खेड्यात एवढी मोठी घरं कुणी बांधली आणि कशासाठी, हा प्रश्न इथे येणाऱ्या प्रत्येकाला पडतो.

तमिळनाडूतल्या शिवगंगा आणि पुदुक्कोट्टै या जिल्ह्यांत पसरलेल्या ७०हून अधिक गावांचा हा मुलूख म्हणजे चेट्टीनाड. कारैकुडी हे त्याचं मुख्य शहर. ही घरं नगरत्तार, म्हणजेच नाट्टुकोट्टै चेट्टियार या सावकारी करणाऱ्या समाजाची. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांच्या मागोमाग ते ब्रह्मदेश, सिलोन, मलाया इथे गेले, फ्रेंचांच्या इंडोचायनातही पोचले. ब्रह्मदेशात भाताची शेती वाढत होती आणि शेतकऱ्याला कर्ज हवं होतं. ते चेट्टियारांच्या पेढ्यांनी दिलं. पेढीचा माणूस साधारण तीन वर्षांच्या कराराने परदेशी जायचा, बायको-मुलं मागे गावातच. पैसा मात्र घरी यायचा आणि घरातच मुरायचा. खांबांना ब्रह्मदेशी साग, जमिनीला इटालियन संगमरवर, भिंतींवर बेल्जियमचे आरसे, भिंतीच्या खालच्या पट्टीला जपानी फरश्या. १८५०च्या सुमारापासून १९४०पर्यंत हे बांधकाम चालू राहिलं.

या घरांकडे राहण्याची जागा म्हणून पाहिलं, तर त्यांचं माप कळतच नाही. ती लग्नासाठी बांधलेली आहेत. मोठ्या चौकाभोवती ओळीने खोल्या असतात, लग्न झालेल्या प्रत्येक मुलाला एक. नगरत्तारांमध्ये प्रत्येक जोडपं हा समाजाचा स्वतंत्र घटक मानला जातो. छप्पर एकच असलं तरी मुलाचं लग्न झालं की त्याची चूल आणि त्याचा हिशेब वेगळा. खोली मात्र लहानशी. तिच्यात दागिने, कपडे, बायकोच्या माहेरून आलेली भांडी ठेवायची आणि रात्री जोडप्याने निजायचं. बाकीचं जगणं चौकात, पडवीत, ओट्यावर. लग्नात नवरीचं रुखवत चौकात मांडलं जायचं. पितळेची, तांब्याची, चांदीची, पुढे युरोपातून आलेली एनॅमलची भांडी शेकड्यांनी रचून ठेवायची आणि पाहुण्यांनी ती फिरून पाहायची. आपल्याकडच्या रुखवताशी याचं नातं लगेच ओळखू येतं, फक्त आकडा फार मोठा. बाजूच्या दालनात पंगती उठायच्या. एरवी घरात बायका, म्हातारी माणसं आणि मुलं असायची. लग्नात हजार माणूस जेवायचं.

म्हणूनच या घरांचं हॉटेल होणं मला राजवाड्याच्या हॉटेलपेक्षा जास्त स्वाभाविक वाटतं. राजवाड्यांची कथा सर्वांना ठाऊक आहे. सवाई मानसिंह दुसरे यांनी १९५७ साली जयपूरचा रामबाग पॅलेस हॉटेल म्हणून खुला केला. उदयपूरच्या तळ्यातला जगनिवास १९६३ साली महाराणा भगवतसिंहांनी त्याच वाटेने नेला. १९७१ साली संस्थानिकांचे तनखे बंद झाल्यावर तर ती वाट हमरस्ताच झाली. राजवाड्यात पाहुणा जातो तो थोडा वेळ राजा होऊन पाहायला. चेट्टियाराच्या घरात पाहुणा पाहुणाच राहतो, कारण ते घर पाहुण्यांचा विचार करूनच उभं केलेलं आहे. इथल्या ओट्यावर बसलेल्या माणसाला कुणाचा मुखवटा घालावा लागत नाही.

घरं ओस का पडली, याचं उत्तर ब्रह्मदेशात आहे. १९३०च्या दशकात मंदी आली, भाताचे भाव कोसळले, शेतकऱ्यांची कर्जं थकली आणि तारण ठेवलेल्या जमिनी सावकारांकडे आल्या. लोअर बर्मामधली जवळजवळ पाव भातशेती त्या दशकाअखेर चेट्टियारांच्या नावावर होती. ही संपत्ती त्यांना नको असलेल्या रूपात मिळाली होती आणि तिने त्यांना ब्रह्मी लोकांच्या रोषाचे धनीही केलं. तो रोष समजण्यासारखा होता. जमीन गमावलेल्या शेतकऱ्याची बाजू या सुंदर घरांच्या गोष्टीतून वगळता कामा नये. १९४२ साली जपानी फौजा आल्या, लाखो भारतीय पायी निघाले. स्वातंत्र्यानंतर ब्रह्मदेशाने जमिनींचं राष्ट्रीयीकरण केलं आणि १९६२च्या लष्करी सत्तांतरानंतर उरलासुरला व्यवसायही गेला. पुढची पिढी मद्रासला गेली, गिरण्या, बँका, चित्रपट, शिक्षणसंस्था यांत शिरली. गावातल्या घराला कुलूप लागलं आणि किल्ली राखणदाराकडे गेली.

कुलूप काढायचं ठरवलं तरी ते एकट्याच्या हातात नसतं. तीन पिढ्यांत एका घराचे वारस डझनांनी वाढतात. कुणी चेन्नईला, कुणी सिंगापूरला, कुणी अमेरिकेत. प्रत्येकाच्या वाट्याला एखादी खोली, चौकाचा काही हिस्सा आणि देवघरावरचा हक्क. छप्पर गळलं तर खर्च कुणी करायचा? विकायचं म्हटलं तर सगळ्यांच्या सह्या हव्यात. काही कुटुंबांनी शेवटी सोपा मार्ग धरला: घर उतरवलं आणि सुटे भाग विकले. कारैकुडीत मुनीश्वरन कोविलच्या रस्त्यावर जुन्या वस्तूंची दुकानं आहेत. तिथे कोरीव दारांच्या चौकटी भिंतीला टेकवलेल्या दिसतात, सागवानी खांब आडवे पडलेले असतात, एनॅमलच्या डब्यांच्या उतरंडी लागलेल्या असतात. कुणाच्या तरी लग्नातलं रुखवतच ते. मला त्या रस्त्यावर फार वेळ थांबवत नाही. तरी एक गोष्ट नोंदवायला हवी. चेन्नईजवळ मुट्टुकाडूला १९९६ साली उघडलेल्या दक्षिणचित्र संग्रहालयात चेट्टीनाडचं एक व्यापारी घर उभं आहे, आणि ते पाडल्या जाणाऱ्या घराचे भाग मिळवूनच उभारता आलं.

दुसरा मार्ग मुक्कामाचा. कारैकुडीत ‘द बंगला’ हे एका चेट्टियार कुटुंबाने गेल्या शतकाच्या अखेरीस पाहुण्यांसाठी उघडलं. ते मुळात राहतं घर नव्हतं, कुटुंबाच्या गाठीभेटींची जागा होती. नावारूपाला आलं ते जेवणामुळे. कानडुकाथानमधलं ‘विशालम’ एका बापाने थोरल्या लेकीसाठी, विशालाक्षीसाठी बांधलं. संपत्ती मुलांकडे जाण्याच्या त्या काळात मुलीच्या नावाचं घर ही मोठीच गोष्ट. ते आज कोचीची एक हॉटेल कंपनी चालवते. कडियापट्टीला ‘चिदंबर विलास’ आहे. कोत्तमंगलमचं ‘सारदा विलास’ मिशेल आदमाँ आणि बर्नार द्रागों या दोन फ्रेंच वास्तुकारांनी दुरुस्त केलं. या दोघांनी चेट्टीनाडच्या गावांचा वारसा युनेस्कोपर्यंत नेण्यासाठीही खूप काम केलं, आणि २०१४ साली ही गावं भारताच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली.

दुरुस्ती म्हणजे काय, हे इथली भिंत पाहिल्याशिवाय समजत नाही. चुन्याचा गिलावा थरांवर थर देऊन चढवलेला असतो. वरचे थर अधिकाधिक बारीक, शेवटचे शिंपल्यांच्या चुन्याचे. त्यात हिरड्याचं पाणी, गूळ, अंड्यातला पांढरा बलक. मग गुळगुळीत दगडाने घोटाई, तीही भिंत ओली असतानाच, तासन्‌तास. झाल्यावर ती काचेसारखी चमकते आणि पिढ्यान्‌पिढ्या रंग मागत नाही. उन्हाळ्यात तिच्यावर तळहात ठेवला तर गारवा जाणवतो. अशा भिंतीची भेग सिमेंटने बुजवली की पुढच्या एक-दोन पावसाळ्यांत भोवतीचा चुनाही सुटू लागतो, कारण चुना ओल आत घेतो तशी बाहेर सोडतो, सिमेंट ती अडवून धरतं. म्हणून घोटाई येणारा गवंडी लागतो. ते हात फार थोडे उरले होते. वर्षभर काम देणारं गिऱ्हाईक असेल तरच गवंडी आपल्या मुलाला ही विद्या शिकवतो, आणि हॉटेल हे असं गिऱ्हाईक आहे. लग्नापुरतं उघडणारं घर दहा वर्षांतून एकदा गवंड्याला बोलावतं. पाहुण्यांचं घर दर पावसाळ्यानंतर.

हेच फरश्यांचं. आत्तंगुडी गावात त्या अजून हाताने होतात. काचेच्या तुकड्यावर धातूची चौकट ठेवतात, तिच्यातल्या नक्षीच्या कप्प्यांत रंगीत पातळ सिमेंट ओततात, नक्षीचा साचा अलगद उचलतात, वर कोरडी वाळू-सिमेंट, त्यावर ओला थर. मग फरशी पाण्यात मुरू देतात. काच सुटते तेव्हा तिचा गुळगुळीतपणा फरशीवर उतरलेला असतो. भट्टी नाही, वीज नाही. घरातल्या माणसांच्या अनवाणी पायांनी तिची चकाकी वाढते, बंद घरात ती मंद होते.

हॉटेल करताना खरी कसोटी न्हाणीघराची. जुन्या खोल्यांना ती नव्हतीच. न्हाणं-धुणं मागच्या अंगणात. आता प्रत्येक खोलीला पाणी, सांडपाणी, गरम पाण्याची टाकी हवी, आणि हे सगळं ओल सोसणाऱ्या पण पाझर न सोसणाऱ्या चुन्याच्या भिंतींमधून न्यायचं. शिवाय मूळ खोली पलंग आणि सामान मावण्याइतकी मोठी नसते. कुठे दोन खोल्या जोडतात, कुठे माडीवरचं दालन विभागतात. नळ भिंतीत न पुरता उघडे ठेवणारे मालक मला जास्त समजूतदार वाटतात. नळ दिसतो खरा, पण फुटला तर भिंत फोडावी लागत नाही. चौकावर काचेचं छप्पर घालून वातानुकूलन करण्याचा मोह मात्र घातकच. चौक हे घराचं फुप्फुस आहे. तापलेली हवा तिथून वर निघून जाते, उतरत्या कौलांवरचं पावसाचं पाणी पन्हळींमधून तिथेच पडतं. ते हंड्यांत भरून घ्यायचं आणि उरलेलं गटारांनी गावतळ्यात न्यायचं, अशी या कोरड्या मुलखाची सोय होती.

जेवणाबद्दल थोडं सांगितलंच पाहिजे. ‘चेट्टीनाड’ म्हणून शहरांतल्या हॉटेलांत मिळणारा जाळ इथे नाही. केळीच्या पानावरची पंगत सौम्य असते आणि मसाल्याची खोली हळूहळू कळते. त्यात दगडफूल येतं, चक्रीफूल येतं, आणि आपला गोडा मसाला जिभेवर असलेल्या माणसाला पहिल्या घासालाच ओळख पटते. तांदूळ धुतलेल्या पाण्यात भेंडी शिजवून केलेली मंडी, नारळाच्या दुधातले पाल पणियारम, आणि काळ्या चिकट तांदळाची कवुनी अरिशी. हा तांदूळ ब्रह्मदेशातून आला. पेढ्या बुडाल्या, जमिनी गेल्या, तांदूळ पानात राहिला. जुन्या आचाऱ्यांना पूर्वी लग्नसराईत काम मिळायचं. या मुक्कामी घरांमुळे ते बारा महिने मिळू लागलं.

पुण्या-वाईच्या वाड्यांचा विचार इथे मनात आल्याशिवाय राहत नाही. तिथेही वारस पुष्कळ, सह्या जमत नाहीत. पण पुण्यातल्या वाड्यात भाडेकरू होते, भाडं गोठलेलं होतं आणि खालच्या जमिनीची किंमत वरच्या सागवानापेक्षा कितीतरी जास्त झाली. वाडा पाडणं हेच सर्वांच्या सोयीचं ठरलं. चेट्टीनाडची घरं खेड्यात होती, जमिनीला भाव नव्हता, आत भाडेकरू नव्हते. ती वाचली यात लोकांच्या वारसाप्रेमाइतकाच या उपेक्षेचा हात आहे. आपल्याकडे अजून वाचवण्यासारखं जे आहे ते म्हणूनच शहरांत शोधण्यापेक्षा तालुक्याच्या गावांत आणि कोकणात शोधावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळी घरं हॉटेलं होणार नाहीत, होऊही नयेत. एका छोट्या मुलखाला किती पाहुणे झेपतील, त्यांना किती पाणी लागेल, याला मर्यादा आहे. काही कुटुंबं वर्षातून एकदा पूजेला जमतात आणि घर झाडून पुन्हा बंद करतात. तेही घराचा मान राखणंच आहे.

जायचं असेल तर मदुरै किंवा तिरुचिरापल्लीहून कारैकुडी गाठावं, दोन्हीकडून साधारण ९० किलोमीटर. डिसेंबर-जानेवारीत हवा चांगली असते, एप्रिल-मेमध्ये ऊन सोसत नाही. खोली ठरवताना एक चौकशी जरूर करावी. १९५०पूर्वीच्या वास्तूलाच सरकारी नियमांत वारसा हॉटेलचा दर्जा मिळतो, पण नवीन बांधकामालाही एकूण क्षेत्राच्या निम्म्यापर्यंत मुभा असते, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी मागच्या बाजूला नव्या खोल्या उठलेल्या असतात. त्या ऐसपैस आणि सोयीच्या असतात. तरी चौकाला लागून असलेलीच खोली मागावी, ती लहान असली आणि पहाटे झाडलोटीच्या आवाजाने जाग आली तरी.