त्रिफळा चूर्णाचा अहवाल आणि बफरची निवड

सन २००० मध्ये शेड्यूल टी लागू झाले आणि गुणवत्ता नियंत्रण हा आयुर्वेदीय फार्मसीच्या नित्य कामाचा भाग बनला. एचपीएलसी यंत्र छोट्या फार्मसीस परवडत नाही. नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो व आलेला अहवाल शिरोधार्य मानावा लागतो. आम्हीही तसेच करीत होतो.

काही वर्षांपूर्वी त्रिफळा चूर्णाच्या एकाच बॅचचे दोन नमुने आम्ही आठवड्याच्या अंतराने एका प्रयोगशाळेत दिले. गॅलिक आम्लाच्या प्रमाणात इतकी तफावत आली की विक्री थांबवावी लागली. आम्ही मूळ आलेख मागविले. पहिल्यात गॅलिक आम्लाचे शिखर स्वतंत्र होते, दुसऱ्यात ते सरकून शेजारच्या शिखरात मिसळले होते. मोबाइल फेजच्या रकान्यात नोंद होती : फॉस्फेट बफर, पीएच ४.५.

दोष येथेच होता. बफर आपल्या पीकेएपासून साधारण एक एककाच्या आतच पीएच नीट सांभाळतो. फॉस्फेटचे पीकेए सुमारे २.१, ७.२ व १२.३ आहेत, ४.५ ला ते केवळ नावापुरते बफर उरते. त्यात गॅलिक आम्लाचा पीकेए सुमारे ४.४, म्हणजे त्या पीएचला त्याचे जवळजवळ निम्मे रेणू आयनरूपात असतात. सी-१८ कॉलम आयनरहित रेणूंना धरून ठेवतो, आयनांना फारसे धरत नाही. साहजिकच पीएच एक-दोन दशांश हलला तरी शिखर जागा सोडते. ॲसिटेट बफर (पीकेए ४.७६) घेतले असते तर पीएच स्थिर राहिला असता, परंतु रेणूंची ही द्विधा अवस्था टळली नसती.

आमच्या विनंतीवरून पीएच २.५ चे फॉस्फेट बफर घेऊन दोन्ही नमुने पुन्हा तपासले गेले. येथे फॉस्फेट समर्थ असते आणि गॅलिक आम्ल सुमारे ९९ टक्के आयनरहित राहते. दोन्ही आकडे जुळले व बॅच मोकळी झाली. मास स्पेक्ट्रोमीटर जोडलेला असेल तर मात्र फॉस्फेट चालत नाही, कारण ते बाष्पनशील नाही. तेथे फॉर्मिक आम्ल घेतात.

प्रत्येक द्रव्यास बफर हवेच असे नाही. पिप्पलीतील पायपरीन या पीएचकक्षेत उदासीन असल्याने त्यास पीएचची फिकीर नाही. दारुहरिद्रेतील बर्बेरीनवर धनभार कायमचा असतो. तेथे आम्लधर्मी बफर लागते ते कॉलममधील सिलिकाच्या ओढीने शिखराला शेपूट फुटू नये म्हणून. वैद्यांना यात अनुपानाचा विचार आठवेल.

फॉस्फेटविषयी आणखी एक दक्षता. ॲसिटोनायट्राइलचे प्रमाण फार वाढल्यास क्षार खाली बसून पंप व कॉलम तुंबतात; म्हणून काम संपताच कॉलम प्रथम पाणीमिश्रित मिथेनॉलने धुवावा लागतो.

अहवालासोबत आलेख, बफरचे नाव, त्याची तीव्रता आणि पीएच सेंद्रिय द्रावक मिसळण्यापूर्वी मोजला की नंतर, एवढे आम्ही आता नमुना देतानाच लेखी मागतो.