कुंडीतील रोपांची मूळकूज : कारणे आणि उपाय

शाळाभेटीच्या निमित्ताने गावोगाव जाणे होते, तेव्हा व्हरांड्याच्या कडेला मांडलेल्या कुंड्यांकडे माझी दृष्टी आपोआप वळते. तुळस, मोगरा, जास्वंद, कोरफड अशी रोपे मुलांनी हौसेने लावलेली असतात. काही टवटवीत असतात. काही मात्र मान टाकून उभी असतात. त्यांच्याविषयी विचारले की बहुधा एकच उत्तर मिळते : “मुले पाणी घालावयास विसरली असतील.” परंतु मातीत बोट घालून पाहावे, तर ती पुष्कळदा चिखलासारखी ओली लागते. रोप पाण्यावाचून नव्हे, पाण्याच्या अतिरेकाने मरत असते.

ही चूक माझ्याही हातून घडलेली आहे. अध्यापनाच्या आरंभीच्या वर्षांत तिसरीतील एका मुलीकडे मी तुळशीचे रोप सोपविले होते. रोप सुकले तेव्हा, “तू कामचुकारपणा केलास,” असे मी तिला वर्गासमोर बोललो. ती काही बोलली नाही. पुढे रोप उपटले तेव्हा दिसून आले की, ज्या तेलाच्या जुन्या डब्यात ते लावले होते त्याच्या तळाला छिद्रच नव्हते. खाली बोटभर पाणी साचून माती आंबली होती. ती मुलगी दिवसातून तीन वेळा पाणी घालीत असे. डबा निवडला होता मी.

रोप का मरते?

पानांप्रमाणे मुळांनाही श्वसनासाठी प्राणवायू लागतो. मातीच्या कणांमधील पोकळ्यांत काही हवा व काही पाणी असते. शेतकऱ्यांच्या मुलांना ‘वाफसा’ हा शब्द ठाऊक असतोच. जमिनीतील ओल आणि हवा यांचा योग्य मेळ म्हणजे वाफसा. निचरा नसलेल्या कुंडीत या सर्व पोकळ्या पाण्याने भरतात आणि चिबड रानासारखी स्थिती होते. प्राणवायू हवेतून जितक्या वेगाने पसरतो, त्याहून सुमारे १०,००० पट सावकाश तो पाण्यातून पसरतो. परिणामी मुळे गुदमरतात. अशा दुर्बळ मुळांवर पिथियम, फायटोप्थोरा यांसारखे बुरशीसदृश सूक्ष्मजीव वाढतात. त्यांचे बीजाणू पाण्यातून पोहत जाऊ शकतात, म्हणून साचलेले पाणी त्यांना अनुकूल ठरते. मुळे कुजली की पाणी शोषले जात नाही व पाने सुकतात. ती सुकलेली पाहून आपण आणखी पाणी घालतो आणि रोग बळावतो.

ओळख कशी पटवावी?

तहानलेल्या रोपाची माती कोरडी व कुंडी हलकी असते. पाणी दिल्यावर ते बहुधा काही तासांत सावरते. पाणी लागलेल्या रोपाची माती ओली व कुंडी जड असते, खालची पाने पिवळी पडतात, मातीस कुबट वास येतो आणि रोग वाढल्यास खोडाचा बुंधा मऊ व काळसर होतो.

उपाययोजना

प्रथम पाणी बंद करावे. रोप केवळ पिवळे पडू लागले असेल, तर छिद्र मोकळे करून कुंडी सावलीत, हवेशीर जागी ठेवणे पुरेसे होते. अधिक बिघाड असल्यास रोप मातीसह अलगद बाहेर काढावे व मुळे हलक्या हाताने धुवावीत. निरोगी मुळे पांढुरकी व घट्ट असतात. कुजलेली मुळे तपकिरी वा काळी, बिळबिळीत असतात आणि ओढताच त्यांची साल निसटून आत दोऱ्यासारखा भाग उरतो. अशी मुळे स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कापून टाकावीत. जितकी मुळे कमी झाली, त्या मानाने फांद्याही छाटाव्यात.

जुनी माती पुन्हा वापरू नये. कुंडी घासून, धुऊन उन्हात वाळवावी. पोयट्याची माती, भरड वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत समप्रमाणात घ्यावे. निव्वळ काळी माती कुंडीत भरू नये. ती पाणी धरून ठेवते व वाळली की तडकते. उरलेल्या मुळांच्या मानाने कुंडी फार मोठी नसावी. रोप लावल्यावर एकदा बेताचे पाणी देऊन आठ-दहा दिवस सावलीत ठेवावे. नवी पालवी फुटेपर्यंत वरखत देऊ नये. सर्वच मुळे गेली असतील, तर तुळस, मोगरा वा जास्वंद यांच्या निरोगी फांदीचे छाटकलम लावावे.

कुंडीच्या तळाशी खड्यांचा थर दिल्याने निचरा सुधारतो, असा समज सर्वत्र आहे. तो बरोबर नाही. खड्यांच्या वर मातीचा ओला थर तसाच राहतो, उलट मातीची उंची घटल्याने तो मुळांच्या अधिक जवळ येतो. हे वर्गात दाखविता येते. आयताकृती स्पंज पाण्यात भिजवून आडवा धरावा. ठिबकणे थांबले की तोच उभा करावा; आणखी पाणी गळते. म्हणजे उथळ थर त्या मानाने अधिक पाणी धरतो. यास्तव छिद्रावर माती अडविण्यापुरती एक खापरी ठेवावी, एवढेच पुरे.

शाळेने काय करावे?

पावसाळ्यापूर्वी प्रत्येक कुंडी व डबा उचलून तळाचे छिद्र तपासावे. कुंड्या पागोळ्यांखालून हलवाव्यात आणि दोन विटांवर ठेवाव्यात. “रोज पाणी घाला” असा नियम मुलांना सांगू नये. “बोट दोन पेरे खुपसून पाहा, कोरडे लागले तरच पाणी घाला,” असे सांगावे. शालेय मंत्रिमंडळात ज्याच्याकडे बागेचे काम असेल, त्याने ही पाहणी फळ्यावर नोंदवावी. निरीक्षण करून निर्णय घेणे हा विज्ञानाचा पाठ त्यातून सहज होतो.

आणि एखादे रोप सुकलेच, तर मुलास दोष देण्याआधी शिक्षकाने स्वतः मातीत बोट घालून पाहावे. डब्याचा तळ दिसल्यावर दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर त्या मुलीची चूक नसल्याचे सांगितले. आम्ही नव्या डब्यास खिळ्याने छिद्रे पाडली, वाळलेल्या मंजिऱ्यांतील बी पेरले आणि ते रोप पुन्हा तिच्याकडेच सोपविले.