लाकूड कातण्याच्या लेथमधील असामान्य आवाज

लाकूड कातण्याच्या लेथमधील असामान्य आवाज हा यंत्रातील किंवा त्यावर चढवलेल्या लाकडातील दोषाचा बहुधा पहिला संकेत असतो. लेथवर लाकूड फिरते ठेवून ते पटाशीसारख्या हत्याराने कातले जाते. लाटणी, रव्या, भोवरे, पलंगाचे खूर, वाडगे अशा गोल वस्तू याच पद्धतीने तयार होतात. सावंतवाडीच्या लाखकामातही लेथवर फिरणाऱ्या लाकडावर लाखेची कांडी दाबून रंग चढवला जातो. या यंत्रात फिरणारे भाग मोजकेच असतात : मोटर, पट्टा, दोन पुल्या, बेअरिंगांवर बसवलेला स्पिंडल आणि टेलस्टॉकचे टोक. तरीही आवाजाचे मूळ ओळखण्यात चूक वारंवार होते, कारण ओतीव लोखंडाचा सांगाडा आणि खालचे टेबल कोणताही आवाज सर्वत्र पसरवतात. टेलस्टॉकमधील कुरकुर पुष्कळदा मोटरपाशी ऐकू येते.

तत्काळ थांबवण्याचे आवाज

कातकाम चालू असताना प्रत्येक फेरीला एकदा ‘टक्’ असा नवा आवाज सुरू झाला, तर प्रथम लाकडावर संशय घ्यावा. लाकडात चीर पडलेली असते, चकमधील पकड सैल झालेली असते, साल सुटू लागलेली असते किंवा डिंकाने जोडलेला सांधा उघडलेला असतो. २५० मिलिमीटर व्यासाचा वाडगा मिनिटाला १००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे १३ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ४७ किलोमीटर असतो. निसटणारा तुकडा याच वेगाने बाहेर फेकला जातो. म्हणून हत्यार मागे घेऊन, लाकडाच्या फिरण्याच्या रेषेतून बाजूला सरून लेथ बंद करावा. आवाज कुठून येतो हे पाहण्यासाठी आणखी एकदा कातून पाहणे ही या कामातील सर्वांत महाग पडणारी उत्सुकता आहे.

वाडग्याची भिंत पातळ झाली की आवाजाची पट्टी चढत जाते. तो दोष नव्हे. मात्र चढत जाणारा सूर एकाएकी बसका किंवा फाटका झाला, तर चीर पडली असे समजावे. यंत्र थांबवून वाडगा बोटाने वाजवून पाहता येतो. बाजारात मडके घेताना जी परीक्षा करतात तीच ही परीक्षा : सलग भांडे खणखणते, चिरलेले बद्द वाजते.

आवाज आणि फेऱ्या यांचा मेळ

आवाज किती वेळाने पुन्हा येतो, हे निदानाचे सर्वांत भरवशाचे साधन आहे. स्पिंडल मिनिटाला १५०० फेऱ्या घेत असेल, तर सेकंदाला २५ फेऱ्या होतात. असंतुलित लाकूड, वाकडी फेसप्लेट किंवा स्पिंडलवरील सैल पुली यांचे ठोके याच गतीने पडतात. पट्ट्याचे तसे नसते. पट्टा ७५० मिलिमीटर लांबीचा आणि स्पिंडलवरील पुली ८० मिलिमीटर व्यासाची असेल, तर स्पिंडलच्या जवळजवळ तीन फेऱ्यांत पट्ट्याची एक फेरी पूर्ण होते. त्यामुळे पट्ट्यातील गाठीचा ठोका संथ, धडधडीसारखा येतो. लेथ सर्वांत कमी वेगावर लावला की हा फरक नुसत्या कानालाही कळतो.

बेअरिंगचा दोष याच्या उलट टोकाला असतो. नऊ गोळ्यांच्या ६२०५ क्रमांकाच्या बेअरिंगमध्ये बाहेरील कड्यावर खड्डा पडला, तर स्पिंडलच्या एका फेरीत गोळ्या त्यावरून सुमारे ३.६ वेळा जातात. १५०० फेऱ्यांना हे सेकंदाला सुमारे ९० आघात होतात. कानाला ते सुटे ऐकू येत नाहीत, सलग घरघर होऊन येतात. म्हणूनच फेरीगणिक एकदा होणाऱ्या टकटकीवर उपाय म्हणून बेअरिंग बदलणे बहुतेक वेळा वाया जाते, आणि नेमकी हीच दुरुस्ती घाईने हाती घेतली जाते.

वेग बदलला तरी गुणगुण त्याच सुराची राहिली, तर कारण विद्युत स्वरूपाचे असते. भारतात वीजपुरवठा ५० हर्ट्‌झचा असल्याने मोटरच्या लोखंडी पत्र्यांचे कंपन त्याच्या दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्‌झचे असते. आणखी एका प्रकारात आवाज केवळ ठरावीक वेगालाच होतो व त्याच्या वर-खाली नाहीसा होतो. ही अनुनादाची खूण असून मूळ बहुधा बैठकीत सापडते : सैल बोल्ट, जमिनीला न टेकलेला पाय किंवा हलके टेबल. पायाखाली पाचर देणे आणि टेबलाच्या खालच्या फळीवर वाळूची पोती ठेवणे, एवढ्याने पुष्कळदा काम भागते.

वगळत जाण्याची पद्धत

एकेक भाग बाजूला काढत जाऊन दोषस्थान निश्चित केले जाते. प्रथम लाकूड उतरवून रिकामा लेथ चालवावा. आवाज गेला, तर दोष लाकडात, त्याच्या पकडीत किंवा टेलस्टॉकमध्ये असतो. राहिला, तर चक काढून पुन्हा ऐकावे. त्यानंतर विजेचा प्लग काढून पट्टा उतरवावा आणि केवळ मोटर चालवावी. आवाज मोटरमध्ये असेल, तर तो येथे उघडा पडतो. मोटर शांत असेल, तर पुन्हा प्लग काढून स्पिंडल हाताने सावकाश फिरवावा. बोटांना खरखर किंवा अडकल्यासारखे जाणवले, तर बेअरिंग दोषी. स्पिंडल गुळगुळीत फिरत असेल, तर उरतात पट्टा आणि पुल्या.

कारागीर लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक बेअरिंगच्या घरावर टेकवून मूठ कानामागच्या हाडाला लावतात. डॉक्टरांच्या नळीसारखेच हे काम करते. टोक केवळ स्थिर भागावर टेकवावे. सैल बाही, ओढणी किंवा मोकळे केस असताना चालू लेथजवळ असे वाकू नये.

पट्टा आणि पुल्या

लेथ अनेक दिवस बंद राहिला, तर ताणलेल्या व्ही-पट्ट्याला पुलीच्या ठिकाणी बाक येतो. सुरू केल्यावर काही मिनिटे धडधड होते आणि रबर गरम झाल्यावर थांबते. ही धडधड निरुपद्रवी असते. काम संपल्यावर पट्ट्याचा ताण सैल करून ठेवला, तर ती टळते. सतत टिकणाऱ्या धडधडीसाठी पट्टा उलटसुलट वाकवून तडे व सुटलेले धागे पाहावेत. दिसल्यास पट्टा बदलावा. सुरू करताना किंवा जोराने कातताना येणारी किंचाळी पट्टा घसरत असल्याची असते. त्यावर राळ किंवा साबण लावण्यापेक्षा पुली स्वच्छ करून ताण नीट करणे योग्य. ताण गरजेपेक्षा वाढवला, तर तो भार बेअरिंगांवर पडतो.

सुरू होताना आणि थांबताना ‘खट्’ असा आवाज आला, तर पुलीचा ग्रब स्क्रू प्रथम तपासावा. तो सैल असेल, तर पुली दंडावर किंचित मागे-पुढे होते आणि चावीची खाच झिजत जाते. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत की नाहीत, हे सरळ पट्टी टेकवून कळते.

बेअरिंगे

बेअरिंग खराब होण्याची कारणे बहुधा वापरात असतात. सालीतील वाळू व बारीक भुसा आत जातो. पट्टा फार ताणलेला असतो. दातेरी टोक स्पिंडलमध्येच ठेवून त्यावर लाकूड हातोड्याने ठोकण्याची सवय तर विशेष घातक, कारण प्रत्येक घाव गोळ्यांमार्फत कड्यावर उमटतो. हे टोक लाकडात आधीच, लेथपासून दूर, लाकडी मोगरीने ठोकून बसवावे.

स्पिंडल पुढे-मागे ओढून पाहिल्यास ढिलेपणा जाणवतो. काही लेथांत मागील नट किंचित आवळल्याने तो जातो. जास्त आवळल्यास बेअरिंग तापते, म्हणून थोडे आवळून, काही मिनिटे चालवून, हात लावून पाहावे. खरखर कायम राहिली, तर बदलण्याला पर्याय नाही. नवे बेअरिंग जुन्यावर कोरलेल्या क्रमांकाचेच घ्यावे. ६२०५ मधील शेवटच्या ०५ या अंकांना पाचाने गुणले की आतील छिद्राचा व्यास २५ मिलिमीटर मिळतो. दंडावर बसवताना दाब आतील कड्यावर, आणि घरात बसवताना बाहेरील कड्यावर द्यावा. चुकीच्या कड्यावर ठोकले, तर नवे बेअरिंग पहिल्याच दिवशी घरघरू लागते. दोन्ही बाजूंनी रबरी झाकण असलेले बेअरिंग रॉकेलात धुऊ नये. त्यातील ग्रीस निघून जाते.

मोटर

एकफेजी मोटर नुसती घुमते पण फिरत नाही, तेव्हा कपॅसिटर निकामी झालेला असतो किंवा केंद्रोत्सारी स्विच चिकटलेला असतो. अशी मोटर लगेच बंद करावी, अन्यथा वेटोळे जळते. कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही विद्युतभार शिल्लक राहू शकतो. तो जाणकाराकडूनच उतरवून घ्यावा. सुरू झाल्यावर क्षणभराने येणारी एकच टिचकी ही त्या स्विचची नेहमीची क्रिया होय. पंख्याच्या जाळीत ढलप्या अडकल्याने होणारी फरफर अनेकदा मोठा बिघाड वाटते. वेगनियंत्रक बसवलेल्या लेथमधील बारीक शीळ नियंत्रकाच्या उच्च वारंवारतेमुळे येते व निरुपद्रवी असते.

टेलस्टॉक आणि हत्यार

न फिरणाऱ्या टोकाशी लाकूड घासले की किंचाळी येते आणि जळका वास सुटतो. टोकावर मेण किंवा तेल लावावे, अथवा फिरते टोक बसवावे. कातताना येणारी कर्कश थरथर आणि पृष्ठभागावर उमटणाऱ्या नागमोडी रेघा यांचे कारण यंत्रात क्वचितच असते. लाकडाची लांबी जाडीच्या दहापटीहून जास्त असली की ते मध्ये लवते. तेथे आधार द्यावा लागतो. बोथट हत्यार, टूल रेस्टच्या फार पुढे आलेले पाते आणि टेलस्टॉकचा अतिदाब यांनीही हेच होते. हत्याराला धार लावून, टूल रेस्ट लाकडाच्या जवळ आणून व दाब थोडा कमी करून पाहावे. लेथ उघडण्याची वेळ त्यानंतर येते.