क्रमांकाची चोरी

बारामती येथे कऱ्हा नदीच्या काठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. पेशवाईच्या काळात बाबूजी नाईक हे मोठे नामांकित सावकार होते. कविवर्य मोरोपंत त्यांच्याच आश्रयाने बारामतीस राहिले, तेथे त्यांनी पुराणे सांगितली आणि आपली विपुल काव्यरचना केली. त्या काळी सावकारी पेढ्यांचा पैसा एका गावाहून दुसऱ्या गावी जाई तो पुष्कळदा हुंडीच्या रूपाने. हुंडी म्हणजे एका पेढीने दुसऱ्या पेढीस लिहिलेली, अमुक रक्कम अमक्यास द्यावी अशी चिठ्ठी. नाण्यांच्या थैल्या वाटेत लुटल्या जाण्याचे भय असे. चिठ्ठी अंगरख्याच्या खिशात मावे.

परंतु चिठ्ठीच चोरीस गेली तर? त्यासाठी सावकारांनी एक युक्ती योजली होती. काही हुंड्या ‘शाहजोग’ लिहिलेल्या असत. अशा हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या, सर्वांच्या ओळखीच्या शहालाच मिळत. चोराने ती पळवली तरी वटवण्यासाठी त्यास असा पतवाला मनुष्य गाठावा लागे, आणि तेथेच बहुधा त्याचे बिंग फुटे. मराठीतील ‘शहाजोग’ हा शब्द याच व्यवहारातला. त्याचा मूळचा अर्थ भरवशाचा असा. आज मात्र साळसूदपणाचा आव आणणाऱ्यास आपण शहाजोग म्हणतो. ज्या चोरीची हकीकत पुढे यावयाची आहे, तिच्यात या शब्दाचा हा दुसरा अर्थच अधिक उपयोगी पडतो.

हुंड्या गेल्या, पेढ्या गेल्या. बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती यांसारखे सहकारी साखर कारखाने आहेत. शेतकरी ऊस घालतो आणि उसाचे बिल त्याच्या बँकेच्या खात्यात जमा होते. ते जमा झाल्याचा संदेश मोबाईलवर येतो. पुढे तो पैसा खतवाल्यास द्यावयाचा असो की मुलीच्या महाविद्यालयाची फी भरावयाची असो, बँकेत न जाता मोबाईलवरूनच तो देता येतो. पण सावकारापुढे जो प्रश्न होता तोच येथेही उभा राहतो. पैसे मागणारा मनुष्य खातेदारच आहे हे बँकेने ओळखावे कशावरून? तिला त्याचा चेहरा दिसत नाही.

यासाठी बँकेने दाराला दोन कुलपे घातलेली असतात. पहिले कुलूप परवलीच्या शब्दाचे; तो खातेदाराने मनात ठेवावयाचा असतो. दुसरे कुलूप निराळे आहे. व्यवहार होण्यापूर्वी बँक खातेदाराच्या मोबाईलवर एक आकडा पाठवते. तो एकदाच चालतो आणि काही मिनिटांत निरुपयोगी होतो. त्यालाच ओटीपी म्हणतात. हा आकडा ज्याला सांगता आला, त्याच्याच हाती तो मोबाईल असला पाहिजे, आणि ज्याच्या हाती मोबाईल तोच खातेदार, असा बँकेचा तर्क असतो. या तर्काचा दुसरा भाग कच्चा आहे. चोर नेमका तेथेच घाव घालतात.

ते समजण्यासाठी सिमकार्डाची रचना थोडी पाहिली पाहिजे. मोबाईलमध्ये नखाएवढी जी चकती बसवतात, तिच्यात आपला दहा अंकी क्रमांक असतो, अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुस्थिती तशी नाही. कार्डात मुख्यतः दोन गोष्टी असतात. एक, त्या कार्डाची स्वतःची पंधरा अंकी ओळख. भारतातील कार्डांची ही ओळख ४०४ किंवा ४०५ या अंकांनी सुरू होते. दुसरी, एक गुप्त किल्ली. ही किल्ली म्हणजे सामान्यतः शून्य आणि एक या अंकांची १२८ स्थानांची मालिका होय. अशा जितक्या निरनिराळ्या मालिका होऊ शकतात त्यांची संख्या लिहावयाची झाली तर ती ३९ अंकी भरेल! हीच किल्ली कंपनीच्या संगणकातही जपून ठेवलेली असते. मोबाईल सुरू केला की कंपनी कार्डाला एक वाटेल ती संख्या पाठवते. कार्ड आपल्या किल्लीच्या साहाय्याने त्या संख्येवर गणित करते आणि केवळ उत्तर परत धाडते. कंपनीही तेच गणित करून पाहते. उत्तरे जुळली तर कार्ड खरे. किल्ली स्वतः कधी कार्डाबाहेर पडतच नाही, म्हणून वाटेत कोणी कान देऊन बसला तरी त्याच्या हाती ती लागत नाही.

मग आपला दहा अंकी क्रमांक असतो कोठे? तो कंपनीच्या नोंदवहीत असतो. अमुक क्रमांक अमुक कार्डाचा, अशी तेथे नोंद असते. ही नोंद बदलली की क्रमांक एका कार्डावरून दुसऱ्यावर जातो आणि जुने कार्ड त्याच क्षणी मुके होते.

नोंद बदलण्याची सोय ठेवलीच कशाला, असे कोणी विचारील. आषाढात संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी या वाटेने इंदापुरास येते. त्या अफाट गर्दीत एखाद्या वारकऱ्याचा मोबाईल पडला, तर त्याने काय करावे? घरचे लोक, दिंडीतील सोबती, बँक, सर्वांजवळ त्याचा जुनाच क्रमांक आहे. कंपनीच्या दुकानात जाऊन, ओळखपत्र दाखवून, त्याच क्रमांकाचे नवे कार्ड घेता येते म्हणून त्याची अडचण दूर होते. ही सोय बंद करणे म्हणजे हरवलेल्या किल्लीबरोबर घरच सोडून देणे होय. तेव्हा सोय राहणारच, आणि तिचा गैरफायदा घेणाराही असणार.

३९ अंकी संख्येशी झुंजण्याच्या भरीस चोर पडत नाही. तो दुकानातील माणसाला फसवतो, नाहीतर प्रत्यक्ष मालकालाच. प्रथम तो माहिती जमवतो. नाव, जन्मतारीख, आधार कार्डाची प्रत, बँकेचे नाव, या गोष्टी त्यास कोठून मिळतात? कधी झेरॉक्सच्या दुकानात विसरलेल्या कागदावरून, कधी कोणी हौसेने सर्वांना पाठवलेल्या छायाचित्रावरून, कधी खोट्या संकेतस्थळावर मालकाने आपल्याच हाताने भरलेल्या अर्जावरून. परवलीचा शब्दही बहुधा याच शेवटच्या वाटेने जातो. पहिले कुलूप असे उघडले की दुसऱ्यासाठी क्रमांक हवा. मग एके दिवशी फोन येतो, “काका, कंपनीतून बोलतोय. तुमचं कार्ड आज रात्री बंद पडणार आहे. आता एक मेसेज येईल, त्यावर फक्त एक दाबा.” बोलणे आर्जवी, भाषा नम्र, अगदी शहाजोग! वास्तविक तो संदेश, नवे कार्ड देण्यास आपली संमती आहे काय, हे विचारण्यासाठी कंपनीने पाठवलेला असतो. काकांनी एक दाबला की क्रमांक त्यांच्या हातून गेला. ई-सिम नावाचे, चकतीवाचून चालणारे कार्ड निघाल्यापासून चोरास दुकानाची पायरी चढण्याचेही नेहमीच कारण पडत नाही.

डिसेंबर २०१८ मध्ये मुंबईत माहीम भागातील एका कापड व्यावसायिकाच्या मोबाईलवर एका रात्री उशिरा सहा मिस्ड कॉल आले. सकाळी पाहतो तो त्याचे कार्ड बंद! रात्रीतून २८ व्यवहार होऊन खात्यातील १ कोटी ८६ लाख रुपये निरनिराळ्या खात्यांत गेले होते. त्यांपैकी थोडीच रक्कम बँकेला अडवता आली. रात्रीची वेळ निवडण्यात चोरांचा हेतू उघड आहे. निजलेल्या माणसाला आपला मोबाईल मुका झाल्याचे कळत नाही.

ही फसवणूक भोळ्या माणसांचीच होते, असे मात्र कोणी समजू नये. अमेरिकेत शेअर बाजारावर देखरेख करणारी एक सरकारी संस्था आहे. ९ जानेवारी २०२४ रोजी ‘एक्स’ या समाजमाध्यमावरील तिच्या खात्यातून बिटकॉइनविषयी एक खोटी घोषणा प्रसिद्ध झाली. बिटकॉइनचा भाव प्रथम एक हजार डॉलरहून अधिक चढला आणि सत्य कळताच दोन हजारांहून अधिक उतरला. चौकशीत आढळले ते असे की, एका मनुष्याने बनावट ओळखपत्र तयार करून, दुकानात जाऊन, त्या खात्याशी जोडलेल्या क्रमांकाचे कार्ड मिळवले होते. खात्याचे दुसरे कुलूप संस्थेने काही महिन्यांपूर्वी काढून ठेवले होते, ते पुन्हा लावावयाचे राहून गेले होते. जिने इतरांवर देखरेख ठेवावयाची, तिचीच ही कथा!

आपल्या देशात सरकारने या वाटेवर काही अडथळे घातले आहेत. नवे कार्ड दिल्यावर त्या क्रमांकावरील लघुसंदेश २४ तास बंद ठेवावेत, असा आदेश दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये दिला. साधाच नियम, पण मोठा मार्मिक. चोराच्या हाती क्रमांक आला तरी बँकेचा आकडा त्यास लगेच मिळत नाही, आणि खऱ्या मालकास जागे होण्यास एक दिवस मिळतो. कार्ड बदलल्यावर सात दिवस क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही, असाही नियम १ जुलै २०२४ पासून लागू झाला. फसवून कार्ड मिळवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा २०२३ च्या दूरसंचार कायद्यात सांगितली आहे.

तो एक दिवस हाती असला तरी मालकाचे लक्ष नसेल तर त्याचा उपयोग काय? खेड्यात अडचण निराळीच असते. उजनी धरणाच्या पाण्याकडेला किंवा दूरच्या मळ्यात मोबाईलची रेंज जाणे ही नित्याची गोष्ट. रेंज गेली तर कोणी मनावर घेत नाही. ‘येईल थोड्या वेळाने’ असे म्हणून मनुष्य कामाला लागतो. अशा वेळी एक सोपी परीक्षा करून पाहावी. त्याच कंपनीचे कार्ड असलेला शेजाऱ्याचा मोबाईल आपल्या मोबाईलशेजारी ठेवावा. दोन्ही मुके असतील तर दोष मनोऱ्याचा. शेजाऱ्याचा चालतो आणि आपला मात्र बंद करून पुन्हा सुरू केला तरी चालत नाही, असे दिसले तर कार्ड बिघडले असेल किंवा क्रमांक दुसऱ्याच्या हाती गेला असेल. कोणतेही असो, दुसऱ्या फोनवरून कंपनीस लगेच विचारावे. आजोबांचा मोबाईल नातवंडेच अधिक हाताळतात. ही परीक्षा त्यांना सहज करता येईल.

आधीपासून घ्यावयाची काळजी फार कठीण नाही. आधार कार्डाची पूर्ण प्रत देणे आवश्यक नसेल तेथे शेवटचे चारच अंक दिसणारी प्रत द्यावी. तशी प्रत सरकारच मिळवून देते. टपालाचा ई-मेल आणि बँक यांचे परवलीचे शब्द एकच नसावेत, कारण एक गेला की दुसरा आपोआप जातो. दुसऱ्या कुलपासाठी लघुसंदेशाऐवजी मोबाईलमध्येच आकडा तयार करणारे उपकरण-अॅप मिळते. ज्या खात्यास ते चालते त्यास तेच लावावे, कारण क्रमांक गेला तरी तो आकडा चोरास मिळत नाही. पुष्कळ लोक सिमकार्डाला चार अंकांचे कुलूप घालतात आणि निश्चिंत होतात. ते कुलूप मोबाईल चोरीस गेला तर उपयोगी पडते. नोंदवहीतील नोंदच बदलली तर त्याचा काही उपयोग नाही. आपल्या नावावर किती क्रमांक चालू आहेत हे ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते.

एवढे करूनही क्रमांक गेलाच, तर कामाचा क्रम चुकू नये. प्रथम कंपनीस कळवून क्रमांक थांबवावा. पाठोपाठ बँकेस कळवून खाते गोठवावे. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. गेलेला पैसा चोर एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात झपाट्याने हलवतात. तक्रार लवकर पोहोचली तर वाटेतील बँकांना तो अडवता येतो; म्हणून येथे तासांना महत्त्व आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकात असे ठरवले की, दोष बँकेचा नाही आणि ग्राहकाचाही नाही, अशा चोरीची खबर बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत दिली, तर ग्राहकावर नुकसान पडू नये. ग्राहकाने आपला गुप्त आकडा स्वतःच दुसऱ्यास सांगितला असेल, तर खबर देईपर्यंतचे नुकसान त्याचे त्यालाच सोसावे लागे.

मग मूळ ओळखपत्र घेऊन कंपनीच्या दुकानात जावे. तेथे नोंद पुन्हा फिरवली जाते, चोराजवळचे कार्ड मुके होते आणि क्रमांक मालकाकडे परत येतो. नव्या कार्डावर पहिला दिवसभर संदेश येणार नाहीत. त्या दिवसात परवलीचे सारे शब्द बदलून घ्यावेत.