घरकुल नाकारले? कारण लेखी मागा

गेल्या पावसाळ्यात आमच्या वर्गातली एक मुलगी वरचेवर गैरहजर राहू लागली. विचारले तर म्हणाली, "सर, रात्रभर छत गळतं. दफ्तरच भिजलं." आम्ही घरी गेलो. कुडाच्या भिंती, वर जुने पत्रे, त्यावर ताडपत्री. वडील हयात नाहीत. आईला संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला १५०० रुपये मिळतात, बाकी शिवणकामावर चालते.

"घरकुलाच्या यादीत नाव होतं सर, मग कटलं," त्या म्हणाल्या. का कटले? एकाने सांगितले, आधारवरचे नाव जुळत नाही. दुसऱ्याने सांगितले, तुमचे पक्के घर दिसते. शेजारीण म्हणाली, निराधारचा पगार चालू असला की घरकुल मिळत नाही. हे ऐकून तर त्या गप्पच बसल्या. विचारायला जावे आणि पगारही बंद व्हावा, ही भीती!

ही भीती आमच्या मोहल्ल्यात अनेक घरांत आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. निराधारचे काम तहसील कार्यालयाकडे, घरकुलाचे ग्रामपंचायत आणि पंचायत समितीकडे. एका योजनेत नाव का वगळले हे विचारल्याने दुसरी बंद होत नाही. पगारासाठी दरवर्षी हयातीचा दाखला मात्र वेळेवर द्यावा.

आम्ही त्यांच्यासाठी चार ओळींचा अर्ज लिहिला: "माझे नाव कोणत्या निकषावर वगळले, ते लेखी कळवावे." गटविकास अधिकाऱ्यांच्या नावाने दिला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. उत्तर आले तेव्हा तिन्ही तर्क खोटे ठरले. रेशनकार्ड दिरासोबत एकत्र होते आणि दिराची प्रवासी रिक्षा आहे. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणच्या निकषात कुटुंबाकडे तीनचाकी किंवा चारचाकी मोटारवाहन असेल तर ते अपात्र ठरते. चूल वेगळी, पण कागदावर कुटुंब एकच!

निकष बदलतात, हेही लक्षात ठेवावे. पूर्वी दुचाकी, फ्रिज किंवा लँडलाइन फोन असला तरी नाव जात असे. २०२४ मध्ये या अटी निघाल्या आणि उत्पन्नाची मर्यादा महिन्याला १०,००० वरून १५,००० झाली. जुन्या कारणावर नाकारलेल्यांनी पुन्हा विचारणा करावी.

आपल्या घरांतली आणखी एक अडचण नावाची. रेशनकार्डावर 'रशिदाबी', आधारवर 'रशीदा बेगम', बँकेत 'शेख रशीदा'. बाई एकच, संगणकाला मात्र तीन दिसतात. मुलीच्या शाळेच्या दाखल्यापासूनच एक स्पेलिंग ठरवावे. अनुदानाचा हप्ता आधारशी जोडलेल्या खात्यात जातो. खाती दोन असतील, तर कोणते जोडले आहे ते बँकेत विचारून घ्यावे. कित्येकदा "पैसे आलेच नाहीत" म्हणतात आणि ते दुसऱ्या खात्यात पडून असतात.

अर्जाला उत्तर आले नाही, तर माहिती अधिकारात १० रुपये भरून अर्ज करता येतो. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तेही लागत नाहीत. उत्तराची मुदत ३० दिवस. यादी ग्रामसभेपुढे येते, तेव्हा बायकांनीही तिथे हजर राहावे. जे म्हणायचे ते तिथे म्हणावे आणि इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.

त्या बीबींनी आता वेगळे रेशनकार्ड काढले आहे आणि नव्याने अर्ज दिला आहे. घर अजून मंजूर नाही. या पावसाळ्यातही ताडपत्रीच आहे. पण पोचपावत्यांची प्लॅस्टिकची पिशवी त्या मुलीच्या दप्तराशेजारी जपून ठेवतात आणि पंचायत समितीत स्वतः जाऊन विचारतात.

आपण सब्र म्हणतो आणि गप्प बसतो. सब्र म्हणजे गप्प बसणे नव्हे. नम्रपणे, न थकता आपला हक्क मागत राहणे हेही सब्रच. जुम्याच्या नमाजनंतर मोहल्ल्यातल्या दोन शिकलेल्या मुलांनी तासभर बसून असे अर्ज लिहून दिले, तर कित्येक विधवा माउलींचे हेलपाटे वाचतील. कागद आणि पेन, एवढाच खर्च आहे.