कुत्र्याच्या खांद्यातली सुई

गोव्यातल्या केरी-तेरेखोलच्या वाळूत धावणारा कुत्रा पुढच्या पायाने लंगडू लागला, की 'स्टेम सेलची सुई द्या, नवी शीर येते' असा सल्ला हल्ली मिळतो. नवी शीर येत नाही.

कुत्र्याचा पुढचा पाय धडाला सांध्याने नव्हे, स्नायूंनीच जोडलेला असतो आणि शरीराचे सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायांवर येते. त्यामुळे खांद्यातल्या कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे चिवट पट्टे, म्हणजे वरच्या सल्ल्यातली 'शीर') झिजतात. पुनरुज्जीवन उपचारात कुत्र्याच्याच रक्तातल्या प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) दाट करून, किंवा चरबीतल्या मूळपेशी (स्टेम सेल) काढून, सोनोग्राफीवर पाहत इजेच्या जागी टोचतात. खाजन शेताचा (खाडीकाठच्या शेताचा) बांध खचला तर तिथे माती आणि माणसे पोचवतात, तसेच हे. मात्र माती बसेपर्यंत भरतीचे पाणी रोखावे लागते. इथे ते काम विश्रांती आणि बेताचा व्यायाम करतात. मालक नेमके त्यालाच कंटाळतात.

प्लेटलेट आणि मूळपेशी एकत्र टोचलेल्या ५५ कुत्र्यांचा आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. निष्कर्ष आशादायक होते, पण तुलनेसाठी उपचाराविना ठेवलेला गट नव्हता. पूर्ण तुटलेली कंडरा सुईने जुळत नाही.

आणि पशुवैद्याकडे नेईपर्यंत घरातली आयबुप्रोफेनची गोळी देऊ नका. कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडांना ती घातक आहे.